तांबोळ्याची वाट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून निमगाव केतकीला आला, तो मित्राच्या मोटारीच्या पाठीला सायकल बांधून. अम्मा ओट्यावर बसली होती. तिनं मोटारीकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोटार है तो सायकल कायको लाया?" याला भाच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघे भाऊ मात्र तोवर त्या सायकलीभोवती फेऱ्या मारायला लागलो होतो. तांबोळ्याची मुलं आम्ही, अब्बांच्या सायकलीच्या दांडीवर बसून वाढलेली. (लिहिणारा हात एकाचा आहे, पण आठवणी दोघांच्या. म्हणून 'आम्ही'.)

सायकल दिसायला शर्यतीची. हँडल खाली वळलेलं, बसायची गादी चिंचोळी, पण टायर चांगले जाड आणि त्यांवर गाठी. भाचा म्हणाला, "मामू, ही ग्रॅव्हल बाइक. डांबरी सोडून चालवायची." ग्रॅव्हल म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यानं ओट्याखालची माती मुठीत घेऊन दाखवली. आम्हांला हसू आलं. तो मुरूम होता. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथं २००६ पासून असल्याच रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, भोवती नुसत्या गवताच्या टेकड्या, जगभरातून लोक येतात, असं तो सांगत होता. आम्ही ऐकत होतो आणि धाकटा टायरवरचे आकडे वाचत होता. रुंदी चाळीस मिलिमीटर. अब्बांच्या अ‍ॅटलसचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंच. दीड इंच म्हणजे जवळजवळ तेवढेच. ती अ‍ॅटलस अजून परसात उभी आहे. तिच्या कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. आम्ही भाच्याला परसात नेऊन दोन्ही चाकं शेजारी लावून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला.

मग म्हणाला, "मामू, मोठ्या रस्त्याला न लागता चाळीस-पन्नास किलोमीटरचा फेरा करायचाय. फोनच्या नकाशात इथं काहीच दिसत नाही. तुम्ही सांगा कुठून जाऊ."

असला प्रश्न आम्हांला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर आमच्या घरात, अम्माच्या पत्र्याच्या पेटीत होतं.

निमगाव केतकी हे पानमळ्यांचं गाव. बाहेरच्या वाचकाला पानमळा म्हणजे काय ते सांगायला हवं. शेवरी, हादगा, पांगारा यांची दाट रांग लावायची, तिच्यावर नागवेल चढवायची. आत शिरलं की उन्हाळ्यातही गारवा. वेल उंच गेली की उतरवून पुन्हा मातीत घ्यायची. खुडलेलं पान मोजून, देठ एका बाजूला करून त्याची कवळी बांधायची, आणि कवळ्या करंडीत ओल्या किंतानात दडपून ठेवायच्या. मळे माळी-मराठ्यांचे, पान विकणार तांबोळी. अब्बांच्या नावावर आयुष्यभर एक गुंठाही जमीन नव्हती. एक सायकल होती, आणि मळेवाल्यांचा विश्वास होता. पान उधारीवर उचलायचं, वस्त्या-वाड्यांवर आणि आठवड्याच्या बाजारात विकायचं, परत येऊन पैसे चुकते करायचे.

पान हा मोठा नाजूक माल. ऊन लागलं की मलूल होतं, धक्का बसला की कवळीतली कडेची पानं घासून काळी पडतात. म्हणून अब्बा फजरची नमाज पढून अंधारातच निघत. डांबरी रस्ता सोपा खरा, पण त्याला सावली नाही आणि तो वस्त्यांना टाळून जातो. गिऱ्हाईक माळावर, पाणंदीला. तेव्हा त्यांनी आपले रस्ते आपण बसवले होते. आमचा तालुका सपाट नाही नि डोंगराळही नाही. माळ चढतो, उतरतो, मध्ये ओढा लागतो, पुन्हा माळ. पाऊस जेमतेम. वर मुरूम, खोलगटात काळी. या चढउतारांतून पान न घासता कसं न्यायचं, हे अब्बांचं सगळं शास्त्र होतं. तांबडा बारीक मुरूम सगळ्यांत चांगला, पावसाची एक सर पडून गेल्यावर तर गालिचाच. काळी रानं उन्हाळ्यात ठीक, पण पावसात माती मडगार्डात भरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. फुटकी खडी पानाची वैरीण. खडी लागायच्या आधी अब्बा उतरून चाकातली थोडी हवा सोडत, आणि डांबरीला लागलं की पंप मारून पुन्हा भरत. हे आम्ही भाच्याला सांगितलं तेव्हा तो ओरडलाच. त्यांच्या मंडळीत टायरमध्ये हवा किती ठेवावी यावर रात्र-रात्र वाद चालतात म्हणे.

चढ आला की अब्बा खाली उतरून सायकल ढकलत. आम्हांला लाज वाटायची, कारण शाळेतली पोरं दांडीवर उभी राहून चढ काढायची. ते म्हणत, चढाला उतरण्यात कमीपणा नाही, करंडी पडण्यात आहे.

अम्माच्या पेटीत आहे ती अब्बांची उधारीची वही. लाल कापडी बांधणीची, लांबट. अब्बांना उर्दू लिहिता येत नव्हतं. कुरआन अरबीत पढत आणि हिशेब मराठीत लिहीत, चौथीपर्यंतच्या शाळेतल्या गोल अक्षरात. पहिलं पान १९७४ चं आहे, शेवटचं १९९१ चं. या वहीत नावं तारखेनं नाहीत आणि रकमेनंही नाहीत. ती वाटेनं आहेत. पहिलं घर ओढ्यापलीकडचं, मग वडाची वस्ती, मग दुहेरी विहीर, मग माळावरचा धनगरवाडा. प्रत्येक फेऱ्याची पानं वेगळी. वही उघडून भाच्यासमोर ठेवली आणि आमच्या लक्षात आलं, हिशेब सोडला तर हा नकाशाच आहे.

पहिल्या दिवशी व्याहळी आणि कडबनवाडीकडच्या माळावर गेलो. भाचा त्याच्या सायकलवर, धाकटा अ‍ॅटलसवर, आणि थोरला, गुडघे धरलेला, मुलाच्या मोपेडवर मागून. हा गवताचा मुलूख. सकाळी दव असताना निघालं तर धूळ उडत नाही. कुसळी गवत उन्हात सोनेरी दिसतं आणि मोज्यात घुसून जीव खातं. इथं चिंकारा आहे, खोकड आहे, लांडगाही आहे. २०२४ मध्ये वनखात्यानं कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली, तेव्हापासून पुण्यामुंबईच्या गाड्या येतात. वनाच्या हद्दीत वाट सोडून सायकल घालू नये, एवढं भाच्याला बजावलं. बाकी धोका लांडग्याचा नाही, मेंढरांच्या कुत्र्यांचा आहे. त्यावर अब्बांचा उपाय असा : पळवायची नाही. उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरायची आणि धनगराला हाक मारायची. भाच्याला एकदा त्याची गरज पडली. हाक ऐकून आलेल्या म्हाताऱ्यानं आमच्या अ‍ॅटलसकडे बोट दाखवून विचारलं, "ही पानवाल्या मुलाण्याची का?" मुलाणी नव्हे, तांबोळी, असं सांगितलं. "तेच ते," म्हणाला, आणि आमच्या चाळीस वर्षांच्या वंशावळीचा निकाल लावून मेंढरांमागं गेला.

दुसऱ्या दिवशी शेळगावकडून नीरा डाव्या कालव्याच्या बाजूनं वालचंदनगरकडे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी काढलेला हा कालवा, १८८५ च्या सुमारास वाहता झाला. याच पाण्याच्या जिवावर पुढं वालचंद हिराचंदांनी माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. कालव्याच्या भरावावरची वाट सायकलला फार सुखाची, कारण पाण्याला चढ चालत नाही. भाच्यानं यंत्रात पाहून सांगितलं, पंधरा किलोमीटरमध्ये चढ जवळजवळ शून्य. अब्बांना हे यंत्राशिवाय माहीत होतं, करंडी भरलेली असली की ते इकडून जात. आता तिथं ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या येतात, तेव्हा बाजूला उतरून थांबावं हे बरं. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे तर बारमाही. भाच्याच्या चाकात ट्यूबच नाही, आत एक पांढरा चीक असतो. काटा घुसला की चीक बाहेर येऊन भोक आपोआप बुजतं. रुईचं झाड जे करतं तेच हे. अ‍ॅटलस मात्र दोनदा पंक्चर झाली आणि दुसऱ्यांदा आम्ही ती मोपेडवर आडवी टाकून घरी आणली, हे भाच्यानं पुण्यात सांगू नये असं ठरलं आहे.

मोठ्या रस्त्याविषयी एक सांगायला हवं. बारामती-इंदापूर रस्ता हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. बेलवाडीला रिंगण होतं, आमच्या गावात मुक्काम असतो. देहूहून निघाल्यावर पालखी पहिली थांबते ती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. अब्बा त्या मुक्कामात वारकऱ्यांना पान फुकट देत. सवाब म्हणूनही आणि धंदा म्हणूनही, कारण ऐन मुक्कामात गिऱ्हाईकच इतकं की चार पानं वाटली तर काही बिघडत नसे. ८ नोव्हेंबर २०२१ ला या पालखी मार्गाचं भूमिपूजन झालं, पाटस ते बोंडले, राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी, चौपदरी. रस्ता उत्तम झाला, वारकऱ्यांची आणि आमचीही सोय झाली. पण सायकलवाल्याला, शाळेच्या पोराला, बैलगाडीला तो आता आपला वाटत नाही. ती मंडळी आडवाटेला आली आहेत. ज्या वाटा अब्बा गेल्यावर ओस पडतील असं आम्हांला वाटत होतं, त्यांना पुन्हा भाव आला. भाव आला म्हणजे तंटाही आला.

तिसऱ्या दिवशीचा फेरा वहीतला सगळ्यांत जुना आणि अब्बांच्या आवडीचा. गावाबाहेरून ओढा ओलांडायचा, पाणंदीनं माळावर चढायचं, दोन वस्त्या करून पलीकडच्या बाजूनं परत. बावीस किलोमीटर, सगळा तांबडा मुरूम. (नेमकी जागा सांगत नाही. प्रकरण चालू आहे.) ओढ्यापर्यंत झकास गेलो. ओढा ओलांडून चढाला लागलो आणि भाच्यानं करकचून ब्रेक मारला. वाटेत आडवी चारी खणलेली. चार फूट खोल, कडेला बाभळीच्या फांद्यांचा झाप. पलीकडे तीच वाट पुढं जाताना दिसत होती. हायस्कूलच्या दोन मुली सायकली डोक्यावर घेऊन बांधाबांधानं येत होत्या. तशा त्या महिनाभर येत होत्या, असं मागून कळलं.

आम्ही तिथूनच परतलो. भाचा म्हणाला, "कुणी खणली?" आम्हांला माहीत होतं. बोललो नाही.

आता ही वाट कुठून आली ते सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या विहिरी तळाला गेल्या. पानमळ्याला पाणी रोजचं लागतं, मळे उभे वाळले. तांबोळ्याला पान नाही म्हणजे पोटाला नाही. त्या साली रोजगाराची कामं निघाली. तलाव, नालाबंडिंग, आणि खडी फोडून रस्ते. सुकडी मिळायची. अम्मा तेव्हा नवी सून, घराबाहेर न पडलेली. तिनं बुरखा घडी करून पेटीत ठेवला आणि पदर खोचून गावच्या बायकांबरोबर मुरमाच्या पाट्या डोक्यावर घेतल्या. जुनी पाऊलवाट होती ती रुंद करून तिच्यावर मुरूम टाकला, तीच ही वाट. त्याच साली, मळा वाळलेला असताना, ज्यांनी अब्बांची जुनी बाकी मागितली नाही, उलट पायलीभर ज्वारी घरी पाठवली, त्या घरातल्या माणसाला आम्ही लहानपणापासून तात्या म्हणतो. ईदला शिरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडे आधी जातो, मग नातेवाइकांकडे. आणि चारी खणली ती तात्यांनी.

त्यांचंही काही चुकीचंच आहे असं नाही. जमीन चार भावांत वाटली गेली, त्यांच्या वाट्याला ही पट्टी आली. वाटेनं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या, ठिबकच्या नळ्या दोनदा चिरडल्या. जुन्या गावनकाशात तिथं एक तुटक रेघ आहे. एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. दोन तुटक रेघा असत्या तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. बहात्तरचं काम नकाशावर कधी चढलंच नाही. तात्या म्हणतात, माणूस जाईल तेवढी जागा सोडतो, गाडीरस्ता नव्हताच. वस्तीवाले म्हणतात, पन्नास वर्षं गाड्या चालल्या. वस्तीवाल्यांनी तहसिलीत दावा घातला. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात वहिवाटीचा रस्ता अडवला तर मोकळा करून देण्याची सोय आहे, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. आणि वहिवाट सिद्ध करायला माणसं लागतात. आज गाडी हाकणारा सांगेल, पण तो वादी. म्हातारी-कोतारी बरीच वारली. मग कुणाला तरी आठवलं, पानवाला रोज या वाटेनं जायचा, त्याची पोरं आहेत.

वस्तीवरचे चार जण संध्याकाळी घरी आले. त्या वस्तीवर आपल्या समाजाचं एकही घर नाही. चहा झाला. म्हणाले, "तुम्ही नुसतं खरं काय ते सांगा."

खरं काय ते सांगा, हे किती सोपं वाटतं! पण गावात आमच्यासारखी मोजकी घरं असली की एक शिकवण न सांगता अंगात मुरते. गावच्या भांडणात पडायचं नाही. निवडणुकीत दोघांनाही हो म्हणायचं. बांधाच्या वादात आपल्याला काय दिसलं ते विसरायचं. अब्बाही तसेच होते. कुणाच्या ओट्यावर काय ऐकलं ते दुसऱ्या ओट्यावर नेलं नाही, म्हणून सगळ्या ओट्यांवर बसता आलं. याला आम्ही शहाणपण म्हणत आलो. त्यात शहाणपण किती आणि भीती किती, याचा हिशेब कधी मांडला नाही. मांडायची वेळच येऊ दिली नाही. अलीकडे तर वातावरणच असं, की मोकळेपणी बोलावं की न बोलावं, याचा विचार बाजारात भाजी घेतानासुद्धा होतो. तेव्हा आमचं पहिलं उत्तर तयारच होतं : अब्बा गेले, आम्ही तेव्हा लहान, आम्हांला नीटसं आठवत नाही.

रात्री जेवताना थोरल्यानं ते बोलूनही दाखवलं. धाकटा म्हणाला, वहीत आहे की. खरंच होतं. पानाचा हंगाम जोरात असला की एका सायकलीवर माल मावत नसे, तेव्हा अब्बा बैलगाडी भाड्यानं घेत आणि खर्चाच्या बाजूला लिहीत : ओढ्यावरून गाडी, भाडे तीन रुपये. पुढं पाच रुपये. १९७४ पासून अशा सत्तावीस नोंदी आम्ही त्या रात्री मोजल्या. गाडीरस्ता नव्हता, तर ही गाडी गेली कुठून?

"वही दाखवली नाही तर कुणाला कळणार आहे?" थोरला म्हणाला. "तात्यांचं घर आपल्याला धरून राहिलं. वस्तीवाले आज आले, उद्या विसरतील. आणि उद्या मशिदीच्या पत्र्याचं काही निघालं तर गावात आपल्या बाजूनं बोलणारा एकच माणूस आहे, तात्या."

हे सगळं बरोबर होतं. भाचा गप्प होता. शहरात वाढलेला, त्याला वाटलं असेल, एवढ्याशा रस्त्याचं काय मोठं! मग अम्मा बोलली. तिला ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चालतो, ही आमची चूक.

"ओ रस्ता मेरे सामने हुआ. मैं पाट्या ढोई उसपे. तुमको नहीं बोलना तो मैं जाती. मेरा अंगूठा चलता क्या, पूछके आओ."

आणि मग तिनं ती हदीस सांगितली, जी अब्बा नेहमी सांगत. ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा आहेत, त्यांतली सगळ्यांत साधी कोणती, तर वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं. अब्बा चालत्या सायकलवरून उतरून बाभळीची फांदी बाजूला फेकत, एवढाच आम्ही तिचा अर्थ घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी तात्यांकडे गेलो. कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढी रीत तरी पाळावी म्हणून. ते पानमळ्यात होते. वही पाहून त्यांना अब्बांचं अक्षर ओळखू आलं. स्वतःच्या वडिलांचं नाव सापडलं, पुढं 'येणे नाही' असं लिहिलेलं. बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून होते. मग म्हणाले, "तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतो पोरांनो, तुम्ही यात नका पडू. गावाचं गाव बघून घेईल."

तात्यांनी हे मायेनं म्हटलं, यात आम्हांला शंका नाही. पण 'तुम्ही' आणि 'गाव' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून वेगवेगळे निघाले, ते आम्हां दोघांनाही एकाच वेळी ऐकू आले. घरी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. गवाही द्यायची हे ठरवावं लागलं नाही.

स्थळपाहणी जानेवारीत झाली. अधिकारी, तलाठी, दोन्ही बाजूची माणसं, आणि बांधावर बघे. भाचा मुद्दाम रजा काढून आला होता. चारीच्या अलीकडे टेबल नव्हतं म्हणून वही अ‍ॅटलसच्या कॅरिअरवर ठेवून वाचली. अधिकाऱ्यांनी नोंदी पाहिल्या, झेरॉक्स मागितली. थोरल्यानं जबाब दिला : आमचे वडील या वाटेनं सायकलवर आणि हंगामात बैलगाडीतून पान नेत. आम्ही स्वतः त्या गाडीत बसलो आहोत. बहात्तर साली आमच्या आईनं या वाटेवर मुरूम टाकला. ट्रॉल्यांनी तात्यांच्या नळ्या चिरडल्या हेही खरं आहे, तेही लिहून घ्या. शेवटचं वाक्य वस्तीवाल्यांना आवडलं नाही. तात्या समोर उभे होते. आमच्याकडे पाहत नव्हते.

खाली मराठीत सह्या केल्या. अम्माचा अंगठा कुणी मागितला नाही, त्याचा तिला राग आहे.

अंतिम निकाल अजून व्हायचा आहे. तोवर मुलांच्या शाळेसाठी म्हणून चारीत एका बाजूला मुरूम लोटून सायकल जाईल एवढी पट्टी केली आहे. ट्रॉली जात नाही. भाच्यानं त्या पट्टीवरून नेऊन बावीस किलोमीटरचा फेरा पुरा केला आणि त्याची रेघ आपल्या फोनमधल्या नकाशात चढवली. तिला नाव काय दिलं ते विचारलं, तर 'नानाची पानवाट' म्हणाला. पुण्याहून त्याचे दोन-तीन मित्र येऊन गेले. एकानं विचारलं, वाटेत चहा कुठं मिळतो? दुहेरी विहिरीपाशी मिळतो. पैसे घेत नाहीत, पण आमचं नाव सांगावं लागतं.

मार्चमध्ये रमजान ईद झाली. तात्या दरवर्षी नमाजनंतर येतात, पांढरी टोपी घालून ओट्यावर बसतात. या वेळी आले नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहून धाकट्यानं शिरखुर्म्याचा डबा कॅरिअरला बांधला आणि ओढ्यावरून, त्या पट्टीवरूनच, त्यांच्या घरी गेला. तात्या निजले आहेत, असं काकूंनी सांगितलं. डबा घेतला. आमच्याकडे कुणी कुणाचा डबा रिकामा परत देत नाही. काकू म्हणाल्या, "राहू दे बाळा, डबा मागनं पाठवते."

डबा अजून त्यांच्याकडेच आहे.